मशीनची पूजा आणि गोवर आलेले डबे

श्रिंक टनेलच्या तोंडात कुंकू घालणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. ती मी. चिमूटभर नाही हं. हळद, कुंकू, अक्षता, वर झेंडूची फुलं, असं सगळं यथासांग आत सारलं, हात जोडले आणि आपण फार हुशारीचं काम केलं असं समजून घरी गेले.

आता मी आजी आहे. नातवंडं गोष्ट सांग म्हणाली की हीच सांगते, कारण आजी मूर्ख होती हे ऐकायला त्यांना फार आवडतं. तेव्हा मी आजी नव्हते, पण अक्कल यायला हरकत नव्हती एवढं वय नक्की होतं. गळ्यात आयडी कार्ड, कानावर पेन, कमरेवर हात. लाइन इन्चार्ज! लोधिवलीजवळच्या त्या वेअरहाउसचं छप्पर माझ्याच खांद्यावर उभं आहे अशा थाटात मी चालायचे.

काम काय होतं ते आधी सांगते. दुकानात बाळाचा गिफ्ट सेट बघता ना तुम्ही? पांढरा डबा, त्यात साबण, पावडर, तेलाची बाटली, इवलासा टॉवेल, वरून घट्ट चकचकीत प्लॅस्टिक. तो सेट कारखान्यातून तसा येत नाही. साबण एकीकडून येतो, टॉवेल दुसरीकडून, रिकामे डबे तिसरीकडून. सगळं आमच्यासारख्यांच्या वेअरहाउसला उतरतं. तिथे बायका ओळीने उभ्या राहून एकेक वस्तू डब्यात भरतात. याला किटिंग म्हणतात. मग किमतीचं लेबल लागतं, डब्यावर फिल्म चढते आणि डबा टनेलमधून जातो.

टनेल म्हणजे लांबट पेटी. आत ब्लोअर असतो, तो गरम हवा फिरवत राहतो. ढगळ फिल्ममधला डबा एका तोंडाने आत जातो आणि दुसऱ्या तोंडाने बाहेर येतो तेव्हा फिल्म अंगाला बसलेली असते. नव्या ब्लाउजसारखी, श्वास घ्यायला जागा नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी काम सुटताना मशीनची पूजा. आमच्याकडे फोर्कलिफ्टला हार, वजनकाट्याला हार, टनेलला तर आधी हार. त्या वर्षी मात्र वेअरहाउस मॅनेजर देसाई सरांनी मला बाजूला घेतलं.

"शालिनीबाई, पूजा करा. पण मशीनच्या अंगावर बाहेरून काही दिसता कामा नये. नवीन क्लायंटचा माणूस येणार आहे. मागच्या वेळी ऑडिटवाल्याने तुमच्या कुंकवाकडे बोट दाखवून मला विचारलं, हा गंज आहे का?"

"बरं सर. बाहेर नको," मी म्हणाले.

बाहेर नको म्हणजे आत. दुसरा काही अर्थ त्या वेळच्या माझ्या डोक्यात शिरलाच नाही. उलट मला बरंच वाटलं. बाहेरचं कुंकू कोणीतरी फडक्याने पुसतंच. आतलं कोण पुसणार? मी टनेलची पट्ट्यांची झालर वर केली आणि हात कोपरापर्यंत आत घातला. मागे सगळ्या बायका हात जोडून उभ्या. देसाई सरांनी बाहेर पायरीवर नारळ फोडला. पेढे वाटले. मशीनचा स्विच बंदच होता. सगळे खूश.

सुट्टीनंतरची सकाळ. नव्या क्लायंटचा पहिला माल. संध्याकाळी ट्रक लागणार, त्याआधी त्यांचा क्वालिटीचा माणूस येऊन माल तपासणार. टनेल तापला, लाइन सुरू झाली. मी शेवटच्या टोकाला उभी होते. पहिला डबा बाहेर आला. दुसरा आला. मी डोळे चोळले.

डब्यांना गोवर आला होता.

पांढऱ्याशुभ्र डब्यावर, फिल्मला चिकटून, बारीक लाल ठिपके. मधेच एखादा पिवळा. नखाने खरवडले तरी निघेनात, कारण गरम फिल्म मऊ होते आणि तिच्यावर बसलेलं तिच्यातच रुतून जातं. मी लाइन थांबवली आणि ओरडले, "हात पुढे करा सगळ्यांनी!"

हे आता सांगताना मलाच हसू येतं. शाळेत नखं तपासतात तशी मी ओळीतून हात तपासत फिरले. डाग म्हटलं की हात, एवढंच मला ठाऊक होतं. डबा कुठल्या कुठल्या टप्प्यातून आला, कुठपर्यंत स्वच्छ होता, कुठून पुढे डागला, हे बघायला मला मेलीला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

फिल्म चढवायच्या जागी मंजी होती. मंजुळा. लोधिवलीच्या वरच्या अंगाला डोंगराशी वाडी आहे, तिथली. तिने हात पुढे केले. बोटं नखांपर्यंत पिवळी.

"हे काय गं?"

"झेंडू हाय, बाई. नाक्यावर तोरनं इकली ना दसऱ्याची. ओवून ओवून रंग बसलाय. धुवून जात नाय."

"आणि ग्लोव्ह कुठेत?"

"ग्लोव्हात फिल्म सरकत नाय. तुमीच बोल्लात, काडून टाक."

म्हणाले होते. मीच म्हणाले होते. पण ते मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मागून कोणीतरी पुटपुटलं, "पन ठिपके तं लाल हायत."

"गप्प बसा गं," मी म्हणाले.

तोवर देसाई सर आले. त्यांनी डबा हातात घेतला, फिरवून बघितला, आणि त्यांचा चेहरा डब्यासारखा पांढरा झाला. "कोणामुळे झालं हे?"

मी मंजीकडे बोट केलं. हे मात्र हसण्यासारखं नाही. केलं.

"जिच्यामुळे झालंय तिला आजपासून बंद," सर म्हणाले. "गेटच्या बाहेर. क्लायंटला दाखवायला लागेल की आपण ॲक्शन घेतली."

मंजीने ॲप्रन काढून घडी घातली, टेबलावर ठेवली, जेवणाचा डबा उचलला आणि ती गेली. तिची घडी माझ्याहून नीट असायची.

मंजीसाठी हे काम काय होतं ते मला माहीत होतं. म्हणूनच जास्त लाज. वाडीत भाताची कापणी झाली की काम संपतं. मग घरं बंद करून माणसं वीटभट्टीवर जातात, पोरंबाळं घेऊन. ती परत येतात पावसाच्या तोंडावर. मंजीची पोर वाडीच्या शाळेत पहिलीला होती. मंजी लाइनवर राहिली तर त्या वर्षी भट्टीवर जायचं नव्हतं. पोर शाळेत राहणार होती. रोज कामावर येता-जाता टेंपोत बसली की हेच सांगायची, आणि त्या दिवशी मी तिला एका बोटाने बाहेर काढलं.

तिच्या जागी दुसरी बाई लावली. लाइन पुन्हा सुरू केली. आणि काय सांगू, ठिपके कमी झाले! हळूहळू विरळ होत गेले. मी देसाई सरांकडे बघून मान हलवली. "बघा. मी म्हटलं नव्हतं?" एवढी खूश झाले की चहाच्या सुट्टीत दोन कप चहा प्यायले.

चहानंतर मशीन पुन्हा चालू झालं. पहिलाच डबा बाहेर आला तो सकाळच्यापेक्षा भयंकर. गोवर नाही, देवी आल्यासारखा.

आता मंजी तर गेटबाहेर. मग ही बोटं कोणाची? मी रमाकांतला हाक मारली. रमाकांत आमचा फिटर. खोपोलीचा. मशीनशी बोलतो, माणसांशी कमी.

तो आला, डबा बघितला आणि म्हणाला, "ताई, टनेलच्या आधीचा दाखवा."

मी फिल्म चढवलेला, पण टनेलमध्ये न गेलेला डबा दिला. स्वच्छ. त्याने दुसरा घेतला. स्वच्छ. मग त्याने टनेलकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी टनेलकडे बघितलं. मला सगळं एकदम आठवलं, कोपरापर्यंत.

"थंड होऊ दे आधी," तो म्हणाला.

टनेल थंड व्हायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात सगळ्या देवांना सांगितलं की तुमची पूजा करायला मला कोणी सांगितलं होतं. मग त्याने बाजूची पत्र्याची झडप काढली. आत कुंकवाची रांगोळी. ब्लोअरने उडवून उडवून कानाकोपऱ्यात बसवलेली. अक्षता भाजून तपकिरी झालेल्या. झेंडूची पाकळी पापडासारखी कुरकुरीत. ब्लोअर चालू झाला की हे सगळं हवेत उडायचं, डब्यांवर बसायचं. चालत राहिला की थोडं खाली बसायचं, म्हणून ठिपके विरळ व्हायचे; सकाळी मी नुसती लाइन थांबवली होती, ब्लोअर चालूच होता. चहाच्या सुट्टीतल्यासारखा बंद करून पुन्हा चालू केला की पुन्हा धुळवड. मंजी जाण्याचा आणि ठिपके कमी होण्याचा संबंध एवढाच, की दोन्ही एकाच वेळी झालं.

रमाकांतने इकडे तिकडे बघितलं. हळूच म्हणाला, "ताई, मी काय बोलत नाय. मशीनमधी कचरा अडकला व्हता, सांगतो सायबाला. झालं."

खरं सांगते, मी विचार केला. एक मिनिट का होईना, केला. मशीन काही नाही म्हणणार नव्हतं. रमाकांत बोलणार नव्हता. बायकांनी सकाळपासून तोंडं शिवलेली. सगळ्यांनी पूजा बघितली होती, पण पूजेविरुद्ध कोण बोलणार, आणि त्यातून माझ्याविरुद्ध कोण बोलणार? पण 'मशीनमध्ये कचरा' म्हटलं असतं तरी मंजीच्या हातांवरचा आळ तसाच राहिला असता. सरांच्या तोंडून 'बंद' गेलं होतं. दिवाळीनंतर ती भट्टीच्या ट्रकमध्ये बसली असती आणि मी कानावर पेन ठेवून लाइनवर उभी राहिले असते.

"नको रे," मी म्हणाले. "झडप उघडीच ठेव. मी आले."

केबिनमध्ये क्लायंटचा माणूस येऊन बसलेला. गुप्ते नावाचा तरुण मुलगा, हातात चहाचा कप, समोर गोवराचे चार डबे. देसाई सरांनी मला बघितलं आणि त्यांना हायसं वाटलं.

"या शालिनीबाई. सांगा ह्यांना, आपण लगेच ॲक्शन घेतली."

गुप्ते म्हणाला, "ते ठीक आहे. पण रूट कॉज काय?"

रूट कॉज म्हणजे मूळ कारण. क्वालिटीवाल्यांचा आवडता शब्द.

"मी," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे मी टनेलमध्ये कुंकू घातलं. पूजेचं. ब्लोअरने उडवलं. त्या मुलीचा काही संबंध नाही. सर, तुम्ही म्हणालात जिच्यामुळे झालं तिला बंद. तर ही मी." आणि गळ्यातलं आयडी कार्ड काढून टेबलावर ठेवलं. अगदी नाटकासारखं. दोरी केसात अडकली म्हणून जरा वेळ लागला, आणि दोघांना वाट बघत बसावं लागलं.

गुप्तेने डबा डोळ्यांजवळ नेला. "कुंकू?" मग वास घेतला. मग त्याने एकच कामाचा प्रश्न विचारला. "डबा आतून क्लीन आहे का?"

हा प्रश्न सकाळपासून आमच्यापैकी कोणाला पडला नव्हता. मी समोरच्या टेबलावरचा कटर घेतला. फिल्मला कडेने चीर दिली, पात्याचं टोक डब्याला लागू न देता. फिल्म सोलली. आतला डबा पांढरा. एक ठिपका नाही. कुंकू फिल्मच्या वर होतं, डब्यापर्यंत पोचलंच नव्हतं. दुसरा सोलला. पांढरा. माल वाया गेला नव्हता. फक्त फिल्म गेली होती, आणि माझी अब्रू.

"मग रीवर्क करा," गुप्ते म्हणाला. "फिल्म काढा, टनेल साफ करा, नवीन फिल्म. मी संध्याकाळी चेक करतो. आणि मॅडम, आमच्या प्लांटमध्ये पण पूजा होते. फक्त आम्ही मशीनला कुंकू खायला घालत नाही."

मला वाटलं, आता देसाई सर ओरडणार. त्यांनी आयडी कार्डाची दोरी सोडवली, त्यातला माझा एक लांब केस काढला आणि कार्ड माझ्याकडे सरकवलं.

"बाहेर नको असं मीच म्हणालो होतो," ते म्हणाले. "नारळही मीच फोडला. तुम्हाला काढलं तर मलाही तुमच्याबरोबर टेंपोत बसावं लागेल. जा, काम करून घ्या."

"आणि मंजी?"

"अजून इथेच काय उभ्या आहात? आणा तिला."

टेंपो संध्याकाळीच सुटतो, म्हणून मंजी घरी गेलेली नव्हती. गेटबाहेर सिक्युरिटीच्या केबिनमागे सावलीत बसली होती. डबा उघडून भाकरी खात होती. मला बघून उठली नाही.

"चल गं आत."

"हात अजून पिवळंच हायत, बाई."

"असू देत. चुकलं माझं. तुझा काही संबंध नव्हता. सरांनी बोलावलंय."

"काय झालं मग?"

"माझ्यामुळे झालं. चल, सांगते."

तिने उरलेली अर्धी भाकरी शांतपणे संपवली. मी उभी राहिले. मग तिने डबा झाकला आणि आली.

पुढचं सगळं काम आहे, त्यात गोष्ट नाही. रमाकांतने व्हॅक्यूम लावून टनेल आतून झाडला, ओल्या फडक्याने पुसला, सुकवला. मग कोरे रिकामे डबे सोडून बघितले. पांढरे गेले, पांढरे आले. पुन्हा सोडले. पुन्हा पांढरे. इकडे बायका डब्यांची फिल्म सोलत होत्या. हे काम दिसतं सोपं, पण कटर जरा खोल गेला की डब्यावर चरा, आणि डबा बाद. मीही बसले सोलायला, कमरेवरचे हात खाली घेऊन. मग एकीने हळूच म्हटलं, "बाई, औंदा मशीनला वाण नाय दिलं ना?" आणि सगळ्या फिस्सकन हसल्या. मीही हसले.

गुप्तेने मधून मधून डबे उचलले, उन्हात नेऊन फिरवले, अंगठा घासून बघितला. पास. ट्रक डॉकला लागला. शेवटचा पॅलेट आत गेला, दार लागलं, आणि देसाई सरांनी स्वतः सगळ्यांसाठी वडापाव मागवले. क्लायंट राहिला. लाइन राहिली. मंजी त्या वर्षी भट्टीवर गेली नाही, आणि तिची पोर दुसरीत गेली.

पूजा अजून होते, असं ऐकते. मशीनसमोर पाट मांडतात, पाटावर हळदकुंकू, आणि ब्लोअरचा प्लग काढून ठेवतात.

त्या संध्याकाळी टेंपोत मी मुद्दाम मंजीशेजारी बसले. चौक आल्यावर मला राहवलं नाही.

"मंजे, पूजेला तू तिथेच होतीस ना?"

"व्हते की. ताट मीच धरलं व्हतं."

ताट कोणी धरलं होतं ते मला आठवतही नव्हतं. माझं लक्ष माझ्या पूजेत.

"म्हणजे तुला माहीत होतं कुंकू आत गेलंय? मग मी तुझ्यावर ओरडत होते तेव्हा बोलली का नाहीस गं?"

ती खिडकीबाहेर बघत होती. तशीच बघत म्हणाली, "तुमी बोल्लात हात दाखव, मी हात दाखवलं. कुकवाचं इचारलं असतं, तं ते पन सांगितलं असतं."